दाढेतला पारा जातो कुठे?

दाढ दुखू लागली की भल्याभल्यांना दुसरे काही सुचत नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत आपण डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो आणि हे एकदाचे केव्हा संपते याची वाट पाहतो. डॉक्टरांनी 'चूळ भरा' म्हटले की शेजारच्या पांढऱ्या भांड्यात चूळ टाकतो. पाण्याची धार गोल फिरते, भांडे पुन्हा स्वच्छ होते आणि आपल्यापुरता विषय संपतो. विद्यार्थी मित्रांनो, आज आपण त्या चुळीच्या मागोमाग थोडे पुढे जाऊ. ती कुठे जाते आणि बरोबर काय घेऊन जाते, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

१९९२ साली मी सातवीत होतो. आमच्या तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात माझ्या दाढेत 'चांदी' भरली. डॉक्टरांच्या मदतनिसाने छोट्या खलात करड्या रंगाची पूड घेतली, बाटलीतून पाऱ्याचे काही थेंब तिच्यावर टाकले आणि बत्त्याने घोटायला सुरुवात केली. लोण्यासारखा गोळा झाल्यावर तो फडक्यात धरून त्याने पिळला. जास्तीचा पारा चकाकत्या थेंबांच्या रूपाने बाहेर आला. त्यातला एक थेंब टेबलावरून घरंगळून फरशीवर पडला आणि त्याचे दहा थेंब झाले. दुखणे विसरून मी ती गंमत पाहत राहिलो. मदतनिसाने केरसुणीने ते थेंब कोपऱ्यात सारले आणि खलाला चिकटलेला मेल बेसिनमध्ये धुऊन टाकला. त्या काळी यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही पाऱ्याचा थेंब तळहातावर घेऊन खेळण्याची चढाओढ लागे.

गेल्या वर्षी तीच दाढ पुन्हा कुरकुरू लागली. आता मी ज्या गावात शिकवतो, तिथल्या दंतवैद्य बाई अकरावी-बारावीला माझ्याच वर्गात होत्या. त्यांनी जुनी चांदी कोरून काढली, आणि तिचे तुकडे चिमट्याने उचलून घट्ट झाकणाच्या एका बरणीत टाकले. बरणीवर 'पारा - फेकू नये' अशी चिठ्ठी होती. मी म्हणालो, "एवढ्याशा तुकड्यांसाठी बरणी?" त्या हसून म्हणाल्या, "सर, मग हे टाकायचे कुठे, ते तुम्हीच सांगा." मला चटकन उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या प्रश्नाचे जे उत्तर मला सापडले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

चांदी नव्हे, पारदमेल

आपण जिला 'चांदी' म्हणतो ती नुसती चांदी नसते. तिच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पारा असतो. उरलेल्या अर्ध्यात चांदी, कथिल आणि तांबे यांची पूड असते. पाऱ्याशी दुसऱ्या धातूचा संयोग झाला म्हणजे जो पदार्थ बनतो त्याला पारदमेल म्हणतात. पूड आणि पारा एकत्र घोटल्यावर काही मिनिटे हा मेल मऊ राहतो. तेवढ्या वेळात तो दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवता येतो. मग तो घट्ट होत जातो आणि पुढे कित्येक वर्षे चघळणे, चावणे सहन करतो. स्वस्त, टिकाऊ आणि भरायला सोपा असल्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून जगभरच्या दंतवैद्यांनी तो वापरला. त्याने असंख्य गरीब माणसांचे दात वाचवले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

ज्यांच्या दाढेत अशी चांदी भरलेली आहे त्यांनी हे वाचून घाबरून जाऊ नये. घट्ट झालेल्या मेलातून पाऱ्याची वाफ सुटते ती फारच थोडी. चांगली टिकून असलेली भरणी उगाच काढून घेऊ नये, कारण ती कोरताना जितका पारा मोकळा होतो तितका ती जागेवर असताना होत नाही. माझा प्रश्न तोंडातल्या पाऱ्याबद्दल नाही. तोंडाबाहेर पडलेल्या पाऱ्याबद्दल आहे.

'बाहेर' नावाची जागा नाही

नववीत तुम्ही द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकता. परीक्षेत तो दोन ओळींत लिहून दोन गुण मिळवता. परंतु या नियमाचा खरा अर्थ आपण मनावर घेत नाही. पदार्थ नाहीसा होत नाही याचा अर्थ, आपण जे 'फेकून दिले' म्हणतो ते केवळ आपल्या नजरेआड गेलेले असते. त्यातही सेंद्रिय कचरा कुजतो, कागद जळतो, त्यांच्या रेणूंची मोडतोड होऊन साधे पदार्थ बनतात. पारा हे मूलद्रव्य आहे. त्याचा अणू कुजत नाही आणि जळून संपतही नाही. त्याची संयुगे बदलतील, रूप बदलेल. पारा पाराच राहील.

दवाखान्यातून बाहेर पडायला पाऱ्याला तीन वाटा आहेत. पहिली वाट हवेची. पारा साध्या तापमानालाही हळूहळू वाफ होतो. बंद खोलीत २०° से. तापमानाला हवा पाऱ्याच्या वाफेने संपृक्त झाली, तर एका घनमीटरात सुमारे १३ मिलिग्रॅम पारा मावतो. कामाच्या ठिकाणी रोज श्वासावाटे घ्यायच्या हवेत मात्र घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा नसावा, अशी मर्यादा तज्ज्ञांनी सुचवली आहे. दोन्ही आकड्यांत पाचशेपटींहून अधिक अंतर आहे.

आता एक गणित करा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. तिची मर्यादा गाठायला ०.९ मिलिग्रॅम वाफ पुरते. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट धरून काढले, तर एवढ्या पाऱ्याचा थेंब केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा भरतो. म्हणजे पेन्सिलीच्या टोकाने काढलेला एक ठिपका! खोलीची दारेखिडक्या उघडी असतात आणि थेंबाची वाफही सावकाश होते, त्यामुळे धोका प्रत्यक्षात यापेक्षा कमी असतो. तरी १९९२ साली फरशीच्या कोपऱ्यात सारलेले ते दहा थेंब मला आता आठवतात ते वेगळ्या कारणासाठी. आम्ही पेशंट अर्ध्या तासात घरी जात होतो. तो मदतनीस दिवसभर, वर्षानुवर्षे त्याच खोलीत श्वास घेत होता.

दुसरी वाट मोरीची. कोरून काढलेल्या जुन्या भरणीची भुकटी चुळीबरोबर आणि लाळ ओढून घेणाऱ्या नळीतून गटारात जाते. आपण एक अंदाज बांधू. हा अंदाज माझा आहे, कोणत्याही दवाखान्याची मोजणी नव्हे. समजा, एका दवाखान्यातून रोज अर्धा ग्रॅम पारा मोरीत जातो आणि दवाखाना वर्षातून ३०० दिवस चालतो. वर्षाचा पारा झाला १५० ग्रॅम. घनतेने भागले तर जेमतेम ११ मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. 'एवढेच ना!' असे वाटते. परंतु भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा असता कामा नये. त्या हिशेबाने एक ग्रॅम पाऱ्याला दहा लाख लिटर पाणी लागते, तेव्हा कुठे तो मर्यादेत बसतो. दोन चमच्यांना पंधरा कोटी लिटर! घट्ट मेल पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, त्यामुळे लगेच कोणाच्या पेल्यात विष येते असे नाही. पण चमच्याच्या मापाने पाऱ्याची किंमत करू नये, एवढे यावरून कळते.

तिसरी वाट कचऱ्याच्या पिशवीची. दवाखान्यातील जैववैद्यकीय कचऱ्यासाठी आपल्या देशात रंगांचे नियम आहेत. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, निर्जंतुक करून पुन्हा वापरात आणता येईल असे प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया व धारदार वस्तू पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. पिवळी पिशवी भट्टीत जाळली जाते. पाऱ्याचा उत्कलनबिंदू ३५७° से. आहे आणि भट्टीचे तापमान त्याच्या कितीतरी वर असते. मेलाचे तुकडे किंवा चांदी भरलेली उपटलेली दाढ पिवळ्या पिशवीत गेली, की तिच्यातला पारा धुराड्यातून थेट आकाशात जातो आणि पावसाबरोबर कुठेतरी खाली येतो. 'जाळून टाकले' या शब्दांनी इथे आपलीच फसवणूक होते.

मिनामाताचा धडा

पारा पाण्यात गेल्यावर काय होऊ शकते, हे जगाला जपानमधील मिनामाता या गावाने शिकवले. क्यूशू बेटावरील कुमामोतो प्रांतात समुद्रकाठी हे गाव आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार करताना पाऱ्याचे संयुग वापरत आणि सांडपाणी समुद्रात सोडत. प्रथम मांजरे झटके येऊन, वेड्यासारखी गरगरून मेली. मग कोळ्यांच्या मुलांचे हातपाय वाकडे झाले, बोलणे आणि दिसणे गेले. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल मर्क्युरी हे त्याचे कारण आहे, हे सरकारने मान्य केले ते १९६८ साली. मधल्या बारा वर्षांत लोक तेच मासे खात राहिले.

मिनामातात हे मिथिल मर्क्युरी कारखान्यातच तयार होत होते. दवाखान्यातल्या मेलाची गोष्ट तितकी सरळ नाही. परंतु नदीच्या, तलावाच्या आणि खाडीच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोचत नाही अशा गाळात काही जीवाणू असतात. साध्या पाऱ्याचे मिथिल मर्क्युरी करण्याचे काम ते बिनबोभाट करतात. ते आधी सूक्ष्म जीवांत शिरते, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत, मग मोठ्या माशांत. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. मोठ्या माशाच्या अंगातील प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या लक्षावधीपट असू शकते. आपण पारा पातळ करून सोडतो आणि निसर्ग तो पुन्हा गोळा करून आपल्या ताटात वाढतो.

'एवढ्याशाने काय होते?'

या विषयावर मी काही मित्रांशी बोललो तेव्हा तीन आक्षेप पुढे आले. तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा, की जगात पारा हवेत सोडणारे बडे उद्योग वेगळेच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ सालच्या अहवालाप्रमाणे माणसाच्या व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा सोने काढण्याच्या छोट्या खाणींतून आणि सुमारे २१ टक्के कोळसा जाळण्यातून जातो. त्यांच्यापुढे दंतवैद्याचा दवाखाना तो काय? दात कोरून पोट भरत नाही! आकडे खरे आहेत. परंतु कोळशातील पारा धुरात विरळ मिसळलेला असतो, तो वेचून काढायला मोठी यंत्रणा लागते. दवाखान्यातील पारा मात्र चिमट्याने उचलता येतो. जो पारा एका जागी, घट्ट स्वरूपात, आपल्या हाताशी आहे, तोच पकडणे सर्वांत सोपे आणि स्वस्त. एकदा तो मोरीत सोडला की मग तोही विरळ होतो आणि तोही पकडता येत नाही. मिसळणे सोपे आणि वेगळे करणे अवघड, हा निसर्गाचा नियमच आहे. दुधात साखर घालून पाहा आणि मग ती काढून दाखवा!

दुसरा आक्षेप गरिबांचा. पारदमेल बंद केला तर स्वस्त उपचार बंद होतील, असे काही डॉक्टर मनापासून म्हणतात. ही भीती खरी आहे. म्हणूनच पर्यायाचा विचार झाला पाहिजे, आणि असे पर्याय आहेत. १९७२ साली लंडनमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट या शास्त्रज्ञांनी ग्लास आयोनोमर सिमेंट जगापुढे मांडले. ते दाताला रासायनिक बंधाने चिकटते आणि त्यातून हळूहळू फ्लोराइड सुटते. १९८०च्या दशकाच्या मध्यास आफ्रिकेतील टांझानियात या सिमेंटाचा उपयोग करणारी एक साधी पद्धत सुरू झाली. हाताच्या हत्यारांनी फक्त किडलेला मऊ भाग खरवडून काढायचा आणि खड्ड्यात सिमेंट दाबून बसवायचे. वीज नको, फिरता ड्रिल नको, नळाचे पाणी नको. शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावरसुद्धा हे काम होते. आपल्या खेड्यापाड्यांना हे किती उपयोगी आहे, ते वेगळे सांगायला नको. मोठ्या, रुंद खड्ड्यांत हे सिमेंट मेलाइतके टिकत नाही, ही त्याची मर्यादा. तिथे निळ्या प्रकाशाने घट्ट होणारे रेझिन वापरतात. ते महाग असते, शिवाय ते घासताना प्लॅस्टिकची बारीक भुकटी पाण्यात जाते. पूर्ण निर्दोष असा पदार्थ अजून तरी सापडलेला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो असा, की कायदा येतो आहे, मग आपोआप सगळे ठीक होईल. मिनामाताच्या नावाने एक आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली मंजूर झाला. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके अपवाद सोडून, दातांतील पारदमेल बंद केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे कराराच्या सदस्य देशांची परिषद झाली. तिने दातांतील पारदमेलाचा वापर २०३४ पर्यंत संपवायचे ठरवले. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत.

पण जरा विचार करा. माझी दाढ १९९२ साली भरली आणि तीस-बत्तीस वर्षांनी कोरली. २०३४ साली शेवटची चांदी भरली गेली, असे समजले तरी ती पुढे कित्येक वर्षे लोकांच्या तोंडात राहील आणि कधी ना कधी बाहेर येईलच. कोट्यवधी माणसांच्या दाढांत आज साठलेला पारा म्हणजे एक विखुरलेली खाणच आहे. काही तो दंतवैद्याच्या खुर्चीत बाहेर येईल, काही अखेरीस चितेच्या धुरातून. भरणे थांबवण्याची तारीख ठरली. काढताना पकडण्याची व्यवस्था सर्वत्र झाली काय? माझे मत स्पष्ट आहे. मेल वापरणे बंद होण्याची वाट पाहू नये. निघालेला मेल पकडण्याची सोय प्रत्येक दवाखान्यात आजच हवी. आणि बंदीनंतरही ती चालू राहायला हवी.

पकडण्याची युक्ती

ही युक्ती अगदी साधी आहे. नदीचे गढूळ पाणी भांड्यात स्थिर ठेवले की गाळ खाली बसतो. मेल तर पाण्याच्या सुमारे दहापट जड. खुर्चीच्या नळीत जाळी बसवली की मोठे तुकडे अडतात. तिच्या पुढे गाळणी-टाकी ठेवली की पाण्याचा वेग मंदावतो आणि बारीक कणही तळाशी बसतात. अशा उपकरणाने किमान ९५ टक्के कण अडवले पाहिजेत, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अमेरिकेत दातांची चांदी भरणाऱ्या किंवा काढणाऱ्या दवाखान्यांना जुलै २०२० पासून असे उपकरण सक्तीचे झाले. त्या नियमात आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे: नळ्या धुण्यासाठी ब्लीचिंगसारखी तीव्र द्रावणे वापरायची नाहीत, कारण त्यांच्यामुळे मेलातला पारा विरघळून पुढे निघून जातो. स्वच्छतेच्या हौसेपायी पकडलेला चोर सोडून द्यायचा, असा तो प्रकार होईल.

गोळा झालेला पारा घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवायचा आणि घातक कचऱ्याची परवानाप्राप्त विल्हेवाट करणाऱ्यांकडे सोपवायचा. भंगारवाल्याला द्यायचा नाही आणि पिवळ्या पिशवीत तर नाहीच नाही. ज्या दवाखान्यात अजूनही मेल भरतात तिथे मोकळ्या पाऱ्याची बाटली नसावी. मोजून बंद केलेल्या कुप्या मिळतात, त्या वापराव्यात.

पारा हे या दवाखान्यातले सर्वांत मोठे उदाहरण, एकमेव नव्हे. दातांचा क्ष-किरण फोटो फिल्मवर काढतात तेव्हा फिल्मवरील न वापरलेली चांदी फिक्सरच्या द्रावणात उतरते. ते द्रावण मोरीत ओतले तर चांदी गेली आणि पाण्यातील जीवांना त्रास झाला. लोखंड चांदीपेक्षा अधिक क्रियाशील आहे, हे तुम्ही शिकला आहात. त्याच तत्त्वावर लोखंडाच्या किसातून हे द्रावण जाऊ दिले की चांदी मागे राहते. फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ पत्रा असतो, तोही वेगळा गोळा करायला हवा. संवेदकाने संगणकावर फोटो घेणाऱ्या नव्या पद्धतीत फिल्म, फिक्सर आणि पत्रा तिन्ही लागत नाहीत, शिवाय क्ष-किरणही कमी लागतात.

हत्यारे निर्जंतुक करायला वाफेसारखे साधन नाही. आपल्या प्रेशर कुकरचेच हे मोठे भावंड. १२१° से. तापमान, चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब आणि सुमारे १५ ते २० मिनिटे. बाकी उरते ते केवळ पाणी. उग्र रसायनांत हत्यारे भिजवून ते द्रावण नंतर ओतून देण्यापेक्षा हे केव्हाही बरे. यंत्र अर्धे रिकामे न चालवता भरून चालवले की वीजही वाचते.

इथे एक इशारा द्यायला हवा. पर्यावरणाच्या नावाखाली सुई, हातमोजे किंवा न उकळलेले हत्यार दुसऱ्या पेशंटला वापरणे हा गुन्हा समजावा. माणसाची सुरक्षितता आधी. ती सांभाळून काय वाचवता येईल, तेवढाच आपला प्रश्न.

तुम्ही काय कराल?

दंतवैद्याच्या दवाखान्यातला सर्वांत निर्मळ उपचार म्हणजे जो करावाच लागत नाही तो. किडणे म्हणजे काय? तोंडातील जीवाणू साखरेचे आम्ल करतात आणि त्या आम्लात दाताचे कवच विरघळते. येता-जाता गोळ्या-चॉकलेटे चघळली नाहीत आणि दोन वेळा नीट दात घासले तर पारा नको, रेझिन नको, क्ष-किरण नको. दात घासताना नळ मात्र बंद ठेवा. तुमच्या नळाखाली एक मिनिट बादली ठेवून किती लिटर पाणी येते ते मोजा आणि महिन्याचा हिशेब वहीत करा. आकडा पाहून तुम्ही स्वतःच नळ बंद कराल.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात जुने तापमापक, वायुभारमापक, पाऱ्याच्या बाटल्या असतील तर त्यांची यादी करा. पारा सांडला तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा. केरसुणी वापरू नका, तिने थेंब फुटून पसरतात. कडक कागदाने थेंब एकत्र सारून ड्रॉपरने उचला आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. ती बाटली बेसिनमध्ये रिकामी करू नका. आम्हांला तळहातावर पारा खेळू दिला, तो आमच्या गुरुजींचा दोष नव्हता. तेव्हा ते ज्ञान शाळेपर्यंत पोचले नव्हते. आज ते पोचले आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी दंतवैद्याकडे जाल तेव्हा भीती थोडी बाजूला ठेवून नम्रपणे एक प्रश्न विचारा: "डॉक्टर, काढलेली चांदी कुठे ठेवता?" तो चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सुरात विचारू नका, जिज्ञासूच्या सुरात विचारा. कोणी बरणी दाखवतील, कोणी विचारात पडतील. दोन्हींचा उपयोगच होईल. दहा पेशंटांनी विचारले तर अकराव्याच्या आत बरणी येईल, असा माझा विश्वास आहे.

आमच्या दंतवैद्य बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला अखेर सापडले ते एवढेच: हे टाकायला जागा नाही. पृथ्वीवर 'बाहेर' नावाची जागाच नाही. म्हणून ते टाकायचे नाही, ठेवायचे. गेल्या महिन्यात मी हे त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, म्हणूनच तर बरणी आणली." त्यांच्या त्या बरणीत माझी १९९२ सालची चांदीही आहे. थेंबे थेंबे तळे साचे. साचायचेच असेल तर ते नदीच्या तळाशी साचण्यापेक्षा बरणीत साचलेले बरे.